पत्रातलं दुसरं वाक्य

नियमांचं पुस्तक शेवटच्या पानापासून वाचणारा माणूस मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एकच होता, महेंद्र सकपाळ. तो म्हणायचा, बंदी पहिल्या पानावर ठळक अक्षरात असते आणि सुटका मागच्या पानावर बारीक अक्षरात. वडील संगमेश्वराकडच्या शाळेत मास्तर होते. आपल्या समाजातला मनुष्य कागदावर कधी फसता कामा नये, हे त्यांनी मुलाला लहानपणीच बजावलं होतं, आणि महेंद्रने ते इतकं मनावर घेतलं की वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीही तो औषधाच्या बाटलीवरचं लेबल संपूर्ण वाचल्याशिवाय गोळी गिळत नसे.

तो ज्या कारखान्यात माल रवाना करण्याचं काम बघायचा, तिथे फवाऱ्याचे डबे भरत. साध्या फवाऱ्याच्या डब्यात गॅस कोंडलेला असतो, तोच आतलं औषध बाहेर ढकलतो. इथल्या डब्यात गॅसच नव्हता. आत एक पिशवी, पिशवीभोवती जाड रबराचा मोजा. पिशवी भरली की रबर ताणायचं, वरची कळ दाबली की रबर आवळायचं आणि फवारा निघायचा. मालक अजिंक्य तिशीतला, पुण्यात शिकून आलेला. त्याला या डब्याचं भारी कौतुक. पण ट्रान्सपोर्टवाल्यांना कुठलं? फवाऱ्याचा डबा दिसला की ते स्फोटाचा माल म्हणून हात वर करत. पुण्याच्या गोदामाने तर दोन गाड्या दारातून परत पाठवल्या.

तेव्हा महेंद्र चार दिवस पुस्तक घेऊन बसला. पाचव्या दिवशी त्याला मागच्या पानांतली व्याख्या सापडली. ज्या डब्यात दाबाखाली वायू असतो त्यालाच धोक्याच्या फवाऱ्याचे नियम लागू. इथे वायूच नाही. त्याने दोन पानी पत्र लिहिलं, गोदामाने ते मान्य केलं आणि गुलाबपाणी, घशाचा फवारा, असला सगळा माल साध्या मालासारखा जायला लागला. अजिंक्यने पेढे वाटले. महेंद्रने ‘गॅस नाही’ असा रबरी शिक्का करवून घेतला आणि प्रत्येक चलनावर तो स्वतःच्या हाताने मारायला लागला. तेव्हा ते खरंच होतं, एवढं त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. डब्यात वायू नव्हता आणि जे होतं ते पाणी होतं.

माल न्यायचा दत्ताराम मांडवकर. स्वतःचा बंद बॉडीचा टेम्पो, स्वतःच चालक. महेंद्रच्याच वयाचा, संगमेश्वराकडचाच, त्याच्या शेजारच्या गावचा, कुणब्याचा. दोघांची बारा वर्षांची संगत. दत्ताराम त्याला मास्तर म्हणायचा. मास्तर तर बाप होता, मी कारकून, असं महेंद्रने शंभरदा सांगून झालं होतं.

दत्तारामची एक रीत होती. माल भरून झाला की निघण्याआधी तो देवाला गाऱ्हाणं घालायचा. टेम्पोचं मागचं दार सताड उघडं ठेवायचं, कारण काय नेतोय ते राखणदाराला, वाटेवर राखण करणाऱ्या देवाला, दिसलं पाहिजे. मागच्या फळीवर पान, पानावर कापूर. कापूर पेटवून नारळ हातात धरायचा आणि घसा खाकरून सुरू करायचं, “बा राखणदारा, बारा वाटांच्या धन्या, आज तुजा ल्येकरू माल घेवन निगालाय. वाटत घाट हाय, वळणां हायत. काय वाकडां-तिकडां आसल ता तुज्या पायाखाली घे रे म्हाराजा!” हमाल “व्हय म्हाराजा” म्हणायचे आणि नारळ फुटायचा.

महेंद्र त्या वेळी चार पावलं बाजूला, फाटकाच्या खांबाशी जाऊन उभा राहायचा. घरात बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची मूर्ती. त्याला ना राखणदार ना कापूर. पण त्याने दत्तारामची कधी टिंगल केली नाही आणि दत्तारामनेही त्याला कधी नारळ धरायला सांगितलं नाही. खोबऱ्याचा तुकडा मात्र द्यायचा, आणि खोबरं म्हणून महेंद्र तो खायचा. बारा वर्षं ऐकून ऐकून ते गाऱ्हाणं त्याला तोंडपाठ झालं होतं.

एक अपवाद असायचा. शेजारच्या कारखान्याचा रंग पातळ करायचा द्रव न्यायचा असला की खोक्यांवर लाल चौकट असायची, आत ज्वाळेचं चित्र. त्या चौकटीचा अर्थ दत्तारामला महेंद्रनेच शिकवला होता. “ही दिसली की काडी ओढायची नाही. बिडी नाही, कापूर नाही, काही नाही.” दत्तारामने ते देवाच्या आज्ञेसारखं पाळलं. चौकटीचा माल असला की नुसता नारळ. राखणदाराला तसं सांगूनही टाकायचा, “आज दिवा नाय म्हाराजा, मास्तराचा हुकूम हाय.” हमाल हसायचे. महेंद्रही हसायचा, पण मनातून त्याला ते फार आवडायचं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अजिंक्यने नवा माल काढला, कंबरदुखीचा फवारा. निलगिरी, कापूर आणि बाकी सगळं स्पिरिट. प्रयोगशाळेत काम करणारी सानिका एक दिवस महेंद्रच्या टेबलाशी आली.

“काका, हे पेटतं हं. मी बशीत घेऊन काडी लावली, निळी ज्योत आली. याला चौकट लागेल ना?”

“आपल्या डब्यात गॅस कुठाय?” महेंद्र म्हणाला.

“गॅस नाही, पण...”

“लिहून विचारतो,” तो म्हणाला, आणि त्याने खरंच विचारलं. मुंबईला असल्या गोष्टींचा सल्ला देणारी एक कचेरी आहे, तिला पत्र धाडलं. नवव्या दिवशी उत्तर आलं. दोनच वाक्यं होती. डब्यात दाबाखालचा वायू नसल्यामुळे त्यास धोक्याच्या फवाऱ्याचे नियम लागू होत नाहीत, हे आपले म्हणणे बरोबर आहे. तथापि आतील द्रव ज्वलनशील असल्यास त्याचा विचार स्वतंत्रपणे करून ज्वलनशील द्रवाची खूण लावणे बंधनकारक आहे.

महेंद्रने अजिंक्यच्या केबिनमध्ये, सानिकाच्या समोर, पहिलं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. ‘हे आपले म्हणणे बरोबर आहे’ यावर जरा जोरही दिला. मग पत्राची घडी घातली.

“झालं तर,” अजिंक्य म्हणाला. “काका आहेत म्हणून आपलं चाललंय.”

महेंद्रने असं का केलं, हे त्याला पुढे अनेकांनी विचारलं. मालकाने दम दिला होता का? नाही. कुणी चिरीमिरी चारली होती का? छे. खरं कारण इतकं क्षुल्लक होतं की सांगायची लाज वाटावी. चौकट लावली असती तर गोदामाने पुन्हा माल अडवला असता, दोन पानी पत्राचा विषय निघाला असता, आणि ‘माझं अर्धंच बरोबर होतं’ असं त्याला चारचौघांत म्हणावं लागलं असतं. पूर्ण चुकलो असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. अर्धं चुकलो म्हणणारा अजून भेटायचाय. पहिली गाडी जाऊ दे, मग बघू, असं त्याने ठरवलं आणि मांजर डोळे मिटून दूध पितं तसा तो शिक्का मारत बसला.

पहिली गाडी ऑक्टोबरच्या एका कडक उन्हाच्या दिवशी भरली. दुपारी बाराला खोकी चढली, सहा-सहाच्या थरात. पण कागद तयार व्हायला पाच वाजले, आणि तोवर बंद टेम्पो उन्हात उभा होता. नव्या डब्यांची टोपणं मऊ होती. खालच्या थरातली टोपणं वजनाने दबली, कळा दबल्या आणि रबर आपलं काम करत राहिलं. गॅसचा डबा गळला तर निदान फुसफुसतो. हे डबे मुकाट्याने गळत होते.

दत्ताराम आला, त्याने खोक्यांवरून नजर फिरवली. चौकट नव्हती.

“साधाच माल ना रे मास्तर?”

“साधाच,” महेंद्र म्हणाला, आणि चलन त्याच्या हातात देऊन खांबाकडे गेला.

दत्तारामने दार सताड उघडलं. कापराचा, निलगिरीचा वास भपकन आला. कापराच्या वासाचं त्याला काय नवल? फळीवर पान ठेवलं, पानावर कापूर. काडी ओढली, नारळ उचलला. “बा राखणदारा, बारा वाटांच्या धन्या,” असं सुरू केलं, घाट आला, वळणं आली, आणि “तुज्या पायाखाली” म्हणेपर्यंत टेम्पोच्या पोटातून एक निळसर लोळ बाहेर आला. आवाज फार झाला नाही. महेंद्रला आठवतं ते एवढंच, की दत्तारामने नारळ टाकला नाही. दोन्ही हात पेटले होते आणि नारळ तसाच धरलेला होता.

हमालांनी वाळू टाकली, गोणपाटं टाकली. टेम्पो सांगाड्यापर्यंत जळाला. दत्ताराम वाचला. चेहरा डाव्या बाजूने भाजला आणि हातांचं पुढे काय होईल ते डॉक्टरांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. मग विम्याचा माणूस आला. भरलेल्या टेम्पोच्या दारात चालकाने स्वतः कापूर पेटवला, यापलीकडे कुणाला काही शोधावंसंच वाटलं नाही. जो तो अंधश्रद्धा, अंधश्रद्धा म्हणत मान हलवत होता. महेंद्रलाही विचारलं.

“तुम्ही कुठे होतात?”

“खांबाजवळ. मी त्यात भाग घेत नाही.”

“त्याने कापूर पेटवला हे पाहिलंत?”

“पाहिलं.”

जबाबात एकही अक्षर खोटं नव्हतं. आयुष्यभर तो आपल्या बौद्धवस्तीतल्या पोरांना सांगत आला होता, की विचार करा, कशावरही आंधळेपणाने विश्वास ठेवू नका. आता सगळं गाव त्याच्याच तोंडचं वाक्य बोलत होतं, आणि ते कानावर आलं की तो तिथून उठून जात होता. दत्तारामने आंधळा विश्वास ठेवला होता हे खरं. पण तो राखणदारावर नव्हे, महेंद्रवर.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये भेटायला गेला तेव्हा दत्तारामचे दोन्ही हात पांढऱ्या गाठोड्यांसारखे छातीवर ठेवलेले होते. बायको गंगा उशाशी बसली होती. दत्तारामने महेंद्रला बघितलं आणि पहिला प्रश्न हा विचारला,

“मास्तर, तू आयकत व्हतास ना? त्या दिशी मी राखणदाराचा नाव घेतलंव का नाय?”

“घेतलंस.”

“बारा वाटांचा धनी म्हनलंव?”

“म्हणालास. सगळं म्हणालास, नेहमीसारखं.”

“मंग त्यान असा का केलान?”

महेंद्रच्या जिभेवर उत्तर होतं. तो म्हणाला, “तू आराम कर.”

त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी फोन यायचा. गंगा फोन धरायची, पलीकडून दत्तारामचा आवाज. “मास्तर, येक इचारायचा व्हता. पान उताना ठेवलेला का पालता?” पुढच्या खेपेला, “नारळाची शेंडी माज्याकडं व्हती का देवाकडं?” तो माणूस आपल्या बारा वर्षांच्या गाऱ्हाण्यातली एकेक गोष्ट तपासत होता. कुठेतरी आपलीच चूक सापडेल, मग देवाचा राग समजेल, मग मनाला ठिकाण मिळेल. साक्षीदार म्हणून त्याला एकच माणूस भरवशाचा वाटत होता. तो गाऱ्हाण्यात नसायचा पण ऐकायचा लक्ष देऊन.

“शेंडी देवाकडे होती,” महेंद्र सांगायचा. तेही खरंच होतं.

त्याचं जेवण तुटलं. झोप तर केव्हाच गेली होती. एका सकाळी आंघोळ करताना त्याने तांब्या खाली ठेवला, कपडे चढवले, कारखान्यात जाऊन खणातून ते पत्र काढलं आणि सरळ पोलीस ठाण्यात गेला. नवा जबाब लिहून दिला. चौकट लावणं बंधनकारक होतं, मला ते लेखी कळलेलं होतं, मी लावली नाही, चालकाला साधा माल म्हणून सांगितलं. खाली सही. मूळ पत्र तिथे दिलं, त्याच्या नकला विम्याच्या कचेरीत आणि अजिंक्यच्या टेबलावर ठेवल्या. अजिंक्यने ते वाचलं, दोन्ही वाक्यं वाचली.

“काका, मला तरी दाखवायचं होतंत,” एवढंच म्हणाला. त्या एवढ्यातच महेंद्रची नोकरी संपली.

तरी दत्तारामच्या घरी जायला संगमेश्वरच्या गाडीत बसताना त्याला कित्येक दिवसांनी जरा हलकं वाटत होतं. विम्याच्या माणसाने सांगितलं होतं, की चालकाला धोका सांगितलाच नव्हता असं ठरलं तर त्याचा दावा पुन्हा उघडेल. दत्तारामवरचा ठपका जाणार होता. आपल्याला शिक्षा होईल ती होवो. मित्राला आज सांगता येईल, की तुझं पान, तुझी शेंडी, तुझा देव, काहीच चुकलं नव्हतं.

गंगा अंगणात भाताचं वाळवण राखत बसली होती. त्याला बघून उठली, पदर सावरला, पण लगेच आत या म्हणाली नाही.

“भावोजी, जरा थांबा. तुमच्या कानावर दुसऱ्याकडना जायच्या आदी मीच सांगतंय.” ती हळू बोलत होती. “ह्येंच्या चुलतभावान पंधरा दिसामागं बुवाला आनलान. बुवान तांदूळ टाकलान नि सांगितलान, गाऱ्हान्यात खोट नाय. गाऱ्हानां चालू आसताना बाजूला परक्याची सावली व्हती, तेवढ्यानच देव फिरला.”

परका म्हणजे कोण, हे तिने सांगायची गरज नव्हती.

“ह्येनी काय केलान म्हायताय? त्या बुवाला तसाच उठवलान. हाताला फडकी, तरी उठून अंगावर ग्येलं. म्हनलं, बारा वर्सां तो मनुक्ष माज्यासाठी उनात उभा ऱ्हायला, त्याच्या नावान बोललास तर पायरी चढू नुको. चुलतभाव तवापासना येत नाय. वाडी बी येत नाय. भात झोडायला कोन आला नाय, म्हायेरची मान्सां बोलवली.” तिने डोळे पुसले. “येवडा तुमच्यावर इस्वास हाय त्येंचा.”

अर्ध्या वाटेवर ठेच लागावी तसा तो तिथेच उभा राहिला. परत फिरावं, हा विचार त्याच्या मनात आला. पण ठाण्यात कागद देऊन झाला होता. आज ना उद्या पोलीस येणार, विम्याचा माणूस येणार. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, म्हणून तो आत गेला.

दत्ताराम पडवीत बाजल्यावर बसला होता. फडकी निघाली होती. बोटं एकमेकांना चिकटून दोन्ही हातांच्या मुठी झाल्यासारखं दिसत होतं. महेंद्रला बघून त्याचा अर्धा चेहरा हसला.

“ये रे मास्तर. गंगे, चाय टाक.”

“दत्ताराम, आधी ऐक,” महेंद्र उभ्यानेच बोलला. बसला असता तर धीर गेला असता. “तुझं काही चुकलं नाही. ना पान, ना शेंडी. तो माल पेटणारा होता. स्पिरिट होतं त्यात. डबे गळत होते. खोक्यांवर चौकट लावायला हवी होती.”

“मंग?”

“मी लावली नाही.”

मग दत्तारामने स्वतःच वाट काढून दिली. “इसारलास व्हय? व्हतां रे. येवडी खोकी, माणूस हाय.”

किती सोपं होतं ते! नुसती मान हलवायची होती. पण कागदावर सही झालेली होती, आणि नसती झाली तरी या माणसासमोर आता आणखी एक अर्धं वाक्य त्याच्याने बोलवलं नसतं.

“विसरलो नाही. मला ठाऊक होतं. पत्र आलं होतं. मी खणात ठेवलं.”

“कशाला?”

“माझं म्हणणं खोटं पडू नये म्हणून.”

आत स्टोव्हचा आवाज येत होता, तो थांबला. गंगा दारात येऊन उभी राहिली होती. दत्तारामने आपले हात मांडीवर घेतले, एकदा उलटे, एकदा सुलटे करून पाहिले. कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. मग महेंद्रने सगळं घाईघाईने सांगून टाकलं. ठाण्यात दिलेला जबाब, विमा, ठपका जाईल ते. त्यातलं किती त्याच्या कानापर्यंत पोचलं, देव जाणे.

“म्हंजे,” दत्ताराम म्हणाला, “बुवा खोटा बोलला नाय.”

“तसं नाही दत्ताराम, बुवा म्हणत होता ते निराळं...”

“त्यान सांगितलान, खांबाकडं उभा व्हता त्याच्यामुळं झाला. तूच सांगतंस, तुज्यामुळं झाला.” त्याचा आवाज चढला नव्हता. “मी त्याला घरातना हाकलला. भावाला तोडला. सगळ्या वाडीला सांगितलंव, तसां काय नसतां, मास्तर तसला मनुक्ष न्हवं.”

महेंद्रला ओरडून सांगायचं होतं, की बुवा माझ्या जन्माबद्दल बोलत होता आणि मी माझ्या करणीबद्दल बोलतोय, या दोन गोष्टी एक नव्हेत. हे समजावता समजावता त्याच्या बापाची हयात गेली होती. शब्द अगदी तयार होते. पण ते बोलायचं कुणी, आणि तेही या हातांसमोर?

“गंगे,” दत्ताराम बायकोला म्हणाला, “ह्येंना वाटंला लाव. शेवटची गाडी पाचची हाय.”

बारा वर्षांत त्याने महेंद्रला अरे-तुरे सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

गंगा बेड्यापर्यंत, कुंपणाच्या तोंडापर्यंत आली आणि परत फिरली. रस्त्यावर यायला शेजारच्या अंगणातून वाट होती. तिथे दत्तारामचा चुलतभाव पेंढा रचत होता. त्याने मान वर करून महेंद्रला ओळखलं, आणि त्याच्या नजरेत बुवाचं बोलणं जसंच्या तसं होतं. उद्या-परवा पोलीस येतील, पत्राची बातमी वाडीत फुटेल, आणि मग तो म्हणेल, बघा, मी सांगत होतो. या गावात पुढे कुठेही गाऱ्हाणं असलं आणि बौद्धवस्तीतलं एखादं पोर सहज बघायला उभं राहिलं, तर त्याला हटकताना हे लोक महेंद्र सकपाळचं नाव घेतील, आणि पोराला त्यावर काही बोलता येणार नाही. महेंद्र त्याच्या अंगणातून मान खाली घालून गेला. चुलतभावाने त्याला वाट देण्यासाठी पेंढ्याचा भारा अंमळ बाजूला ओढून घेतला, त्याची सावली पडू नये इतपत.